सीताफळाच्या बाईचा नवस

नांदेडच्या वरच्या अंगाला, गंगेत धरणाचं पाणी तुंबतं तिथं, आता एक बोट फिरते. गोदावरी हे नाव आमच्याकडं पुस्तकात आणि पुलावरच्या पाटीवर, बोलताना गंगाच. बोटीच्या जाहिरातीत मात्र लिहिलं होतं, ‘प्राचीन मंदिरांच्या सान्निध्यात आत्मचिंतनपर नौकाविहार’. एवढं लांबलचक नाव असलेली गोष्ट बहुतेक वेळा झोप आणणारी असते, हा माझा सत्तर वर्षांचा अनुभव आहे.

तिकिटं भाच्यानं काढली, हैदराबादेत बसून, फोनवर. भाचा म्हणजे माझ्या नणंदेचा थोरला मुलगा, वय सेहेचाळीस, डोक्यावर केस कमी आणि डोक्यात आईची काळजी जास्त. म्हणाला, “मामी, तुम्ही अन् आई दोघी जाऊन या. दोन तास सगळ्यांनी गप्प बसायचं असतंय तिथं.” शेवटचं वाक्य त्यानं फार आशेनं म्हटलं.

वन्सं, म्हणजे माझी नणंद, देगलूरला राहतात. दसरा झाला की महिनाभर नांदेडला धाकट्या लेकाकडं येतात. झोपायला लेकाकडं आणि दिवसभर माझ्याकडं. त्या त्र्याहत्तरच्या, मी सत्तरची. आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली. मुलं पुण्याला. मी नवी नवरी होते तेव्हा कशी दिसत होते, किती शिष्ट होते, सासूबाई मला मागून काय म्हणायच्या, हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं माणूस आता एकच उरलंय. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या बोटीवर ते एकुलतं एक माणूस हातचं जायची वेळ आली होती, आणि ती वेळ मीच आणली होती.

बोटीवर आम्ही वीसेक जण होतो. निम्मे निवृत्त मास्तर, दोन-तीन भजनी मंडळाच्या बाया आणि एक नवं जोडपं, ज्यांना हे आत्मचिंतन आहे याची कुणी कल्पना दिलेली दिसत नव्हती. चढायच्या आधी प्रत्येकाला एक नारिंगी जाकीट दिलं.

“वैनी, हे घालायलाच पायजे का?” वन्संनी विचारलं. “ह्याच्याखाली पदर दिसंना की.”

“बुडाल्यावर पदर कोण बघतंय वन्सं.”

“काढणारे बघतेत की.”

पुढच्या टोकाला पांढऱ्या कुर्त्यातली एक ताई माइक घेऊन उभी होती. आवाज मधासारखा, मराठी इस्त्री केलेलं. तिनं सांगितलं की आता आपण सारे मौनात जाणार आहोत. मग म्हणाली, “डोळे मिटा, आणि पाण्याचा आवाज ऐका.” बोटीचं इंजिन पिठाच्या गिरणीसारखं आवाज करत होतं, पाण्याचा आवाज पाण्यालासुद्धा ऐकू गेला नसता. तरी आम्ही डोळे मिटले.

“विचार येतील, त्यांना येऊ द्या. विचार जातील, त्यांना जाऊ द्या.”

माझ्या मांडीवर काहीतरी ऊन ऊन आलं. डोळा किलकिला करून बघितलं तर वन्संनी कागदात गुंडाळलेले धपाटे काढून माझ्यापुढं धरले होते.

“आत्मचिंतनात खाल्लेलं चालतंय का?” त्यांनी कुजबुजून विचारलं.

“तोंड मिटून खा. चिंतन चाललंय असं वाटतंय.”

काठावरून देवळं सरकत होती. एक लहानसं महादेवाचं, गुडघाभर पाण्यात उभं, शिखरावर बगळा. दुसरं काठावरच्या बाभळीत लपलेलं, नुसता काळा दगड आणि वर भगवं फडकं. प्रत्येक देवळाला आमच्या मागच्या मास्तरांचे हात आपोआप जोडले जात आणि एक डोळा घड्याळाकडं जाई. मला मनापासून बरं वाटत होतं. पोटात धपाटा, अंगावर ऊन, शेजारी वन्सं. या वयात याच्याहून जास्त चिंतन काय करायचं असतं.

तेवढ्यात वन्सं माझ्याकडं सरकल्या.

“वैनी, तुमच्यापाशी एक काम होतं. पोरीला घेऊन यायची हाय इथं. येत्या सोमवारी.”

“कुठल्या पोरीला?”

“माझ्या धाकट्या सुनेला हो. चार वर्षं झाली लग्नाला. किती दवाखाने करायचे माणसानं? ती नवी डॉक्टरीण सोमवारीच बोलावून राहिली. मी म्हणलं, दवाखाना राहू दे आता. आधी सीताफळाच्या बाईला नेऊ. पोरीला सीताफळ लई आवडतंय, म्हणजे सोडलं की पावणारच. तुम्ही सांगा तिला सगळं. मला तुमच्याच तोंडून कळलं, मला गुण आला. तुमचं तोंड लागतंय.”

मी हातातला धपाटा परत कागदात ठेवला. त्याचं कारण अठ्ठेचाळीस वर्षं जुनं आहे.

मी मूळची लातूरची. लग्न झालं तेव्हा एकवीस वर्षांची, बी.ए., तेही इतिहास घेऊन. सासर लोह्याजवळच्या खेड्यात. त्या पोरीचा एक फोटो आहे माझ्याकडं: पुढं घेतलेल्या दोन वेण्या, मनगटावर बंद पडलेलं घड्याळ आणि हनुवटी अशी वर की जणू खालच्या जगाशी काही संबंध नाही. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी तिला आधी घड्याळाला चावी द्यायला सांगेन आणि मग दोन थोबाडीत देईन. ती रेडिओवरच्या बायकांसारखं ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणायची. सासरचे सगळे ‘हाय’ आणि ‘न्हाई’ म्हणायचे, आणि ही मनातल्या मनात त्यांच्या वाक्यांवर लाल शाई फिरवायची. काही माहीत नसलं तर ‘माहीत नाही’ हे दोन शब्द मात्र तिला रेडिओनं शिकवले नव्हते.

आमच्या शेताच्या बांधावर सीताफळाची दहा-बारा झाडं होती. डोळे उघडलेली फळं उतरवून आणायची, कडब्यात आढी लावायची आणि रोज सकाळी सासूबाई हात घालून चाचपायच्या. जे मऊ लागेल ते बाहेर. बाहेर आलेलं फळ थेट वन्संच्या हातात. त्या दिवाळीला माहेरी आल्या होत्या, आणि सासूबाईंचं म्हणणं, “लेक चार दिवसांची पाहुणी हाय, खाऊ दे तिला. सुनबाईचं काय, ती हितंच हाय.” मी हितंच होते, पंधरा दिवस, आणि वन्सं ओसरीवर बसून बिया थुंकत होत्या ते बघत होते. त्या बिया अंगणात झाडायचं काम माझ्याकडं होतं.

आता दुसरी बाजू. वन्संच्या लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती आणि पोर नव्हतं. सासरी दुसरी आणायच्या गोष्टी चालल्या होत्या. मी एकदा पहाटे हौदावर गेले तर त्या अंधारात बसून तोंडावर पाणी मारत होत्या, आणि बराच वेळ मारत होत्या. मी ते बघितलं होतं. बघूनसुद्धा मी पुढचं केलं, म्हणून ही गोष्ट नुसती हसण्यावारी नेता येत नाही.

कार्तिकातल्या सोमवारी सासूबाई आम्हाला बैलगाडीतून गंगेवर घेऊन गेल्या. तेव्हा धरण नव्हतं, नदी खाली होती आणि देऊळ उंच टेकाडावर. देवळाचं नाव मी लिहीत नाही. तिथं जे चालतंय त्यात देवाचा काही दोष नाही, माझा आहे. बाहेरच्या भिंतीवर एक दगडी बाई कोरलेली होती. कमरेत वाकलेली, नाक तुटलेलं, आणि एका हातात एक गोल, खडबडीत फळ. सासूबाईंनी मला विचारलं, “सुनबाई, तू शिकलेली. ही कोण गं?”

मला माहीत नव्हतं. कॉलेजात असताना आमची सहल निलंग्याच्या देवळाला गेली होती आणि तिथं सर अशाच बायका एकेक करून समजावून सांगत होते. ती माहिती चालली असताना मी माझ्या नव्या चपलेचा पट्टा एका मैत्रिणीला दाखवत होते. पण इथं सासूबाई, वन्सं आणि गाडीवान तिघंही माझ्या तोंडाकडं बघत होते. आणि मला ते फळ दिसत होतं. आणि आदल्या दिवशीच्या बिया दिसत होत्या.

“ही फलदा देवी,” मी म्हणाले. “हातात सीताफळ आहे, पाहिलंत? जिला मूल हवं असेल तिनं हिच्यापुढं सीताफळ सोडायचं असतं. कायमचं.”

“पोथीत हाय का तसं?”

“आहे. चौथ्या खंडात.”

कुठल्या पोथीच्या, हे विचारायची तिथं कुणाची छाती नव्हती. मला वाटलं होतं, वन्सं जरा कुरकुर करतील, मग निदान या दिवाळीपुरतं सोडतील. वन्सं पुढं गेल्या. हळदीचं बोट त्या दगडी फळाला लावलं, डोळे मिटले आणि ओठ हलवले. बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी कडब्यातून निघालेली चारही फळं सासूबाईंनी माझ्यापुढं ठेवली. मी चारही खाल्ली. इथं मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण खरं सांगायचं तर फार गोड होती.

वर्ष-दीड वर्षात वन्संना मुलगा झाला. तोच, हैदराबादवरून तिकिटं काढणारा.

मग ते माझ्या हातात राहिलंच नाही. वन्संनी देगलूरच्या जावांना सांगितलं, जावांनी आपापल्या माहेरी सांगितलं, आणि तेलंगणातून, कर्नाटकातून बाया जीप करून यायला लागल्या. आधी मी भीतीपोटी गप्प बसले. मग, लाज वाटते सांगायला, थोडा अभिमान वाटायला लागला. सगळ्यांच्या हातून पोरं होतात, देवी किती जणींच्या हातून होते? आणि शेवटी नुसती सवय झाली. दोन वर्षांपूर्वी माझी नात, जी पुण्याला इतिहासच शिकते, तिनं त्या दगडी बाईचा फोटो बघून सांगितलं की ही देवी नाही, सुरसुंदरी आहे, देवळाच्या शोभेसाठी कोरलेली बाई. हातात म्हाळुंग आहे, लिंबाच्या जातीचं मोठं फळ. सीताफळ असूच शकत नाही, कारण ते जहाजातून समुद्रापलीकडून आलं, या देवळाच्या कितीतरी नंतर. मग तिनं विचारलं, “आजी, तू बी.ए. नक्की कुठं केलंस?”

तर हे सगळं मनात घेऊन मी बोटीत बसले होते, आणि समोर ते देऊळ आलं. आता पाणी पायरीपर्यंत चढलेलं. ताईनं माइक तोंडाजवळ घेतला.

“डावीकडे दिसते आहे ते फलदादेवीचं जागृत स्थान. इथे सीताफळाचा त्याग केल्यास संततीप्राप्ती होते अशी शेकडो वर्षांची श्रद्धा आहे. पाच सोमवार, अनवाणी. प्राचीन ग्रंथाच्या चौथ्या खंडात याचा उल्लेख सापडतो.”

पाच सोमवार आणि अनवाणी हे माझं नव्हतं. कुणीतरी मागून भर घातली होती. चौथा खंड मात्र जसाच्या तसा होता.

वन्संनी मला कोपरानं ढोसलं. “बघा, तुम्ही म्हणलाव तेच हाय.”

ताई पुढं म्हणाली, “आता, देवीच्या साक्षीनं, आयुष्यात ज्या व्यक्तीचं मन आपण दुखावलं असेल तिला डोळ्यांसमोर आणा. मनातल्या मनात तिची क्षमा मागा.” मला डोळ्यांसमोर आणायची गरज नव्हती. ती व्यक्ती माझ्या शेजारी बसून दातात अडकलेली धपाट्यातली मिरची काढत होती.

मनातल्या मनात मागून भागत असतं तर मी केव्हाच मागितली असती. मला त्या सुनेचा चेहरा दिसत होता. कॉलेजात शिकवते, दोन बस बदलून जाते, आणि परवा माझ्याकडं येऊन हळूच म्हणाली होती, “मामी, या डॉक्टरांवर माझा भरवसा बसलाय. आईंना तेवढं सांगा ना.” त्या दिवाळीला मी एका बाईचं फळ खाल्लं होतं. आता दुसरीची दवाखान्याची तारीख खाणार होते. आणि बोलले तर वन्सं जाणार. काट्यावर दोन्ही बाजूंना जड होतं, आणि माझं वय झालेलं. फार वेळ काटा धरून बसता येत नाही.

“वन्सं,” मी म्हणाले, “त्या देवीचं मी मनानं रचलं होतं.”

“काय?”

“फलदा देवी वगैरे कुणी नाही. मला माहीतच नव्हतं ती बाई कोण आहे. तुम्ही सीताफळ सोडावं म्हणून तोंडाला येईल ते बोलले.”

वन्संनी क्षणभर विचार केला. “माझ्या भल्यासाठीच ना?”

“नाही. मला खायची होती.”

त्यांनी माझ्याकडं मान वळवली. मग परत समोर बघितलं. हात मांडीवर ठेवले आणि एकदम गप्प झाल्या. वन्संना गप्प झालेलं मी फक्त सासूबाई गेल्या तेव्हा बघितलं होतं. ताईचं लक्ष गेलं. माइक बाजूला न घेता ती म्हणाली, “या आजींकडे पाहा सगळ्यांनी. किती खोल गेल्या आहेत.”

वीस माणसांनी आत्मचिंतन सोडून वन्संकडं बघितलं.

बोट देवळाच्या पायऱ्यांना लागली. वीस मिनिटं थांबणार होती. एरवी पायरी उतरताना वन्सं माझा हात धरतात, त्या दिवशी धरला नाही. जाकीट घालूनच वर निघाल्या, मी मागं. भिंतीवरची बाई आता ओळखू येत नव्हती. शेंदूर, हळद, चांदीचे डोळे, अंगावर खणाचे तुकडे. फळ हळदीनं लिंपून लिंपून लहान मुलाच्या डोक्याएवढं झालं होतं. पुढ्यात सीताफळांचा ढीग. दोन बाया तेलुगूत काहीतरी पुटपुटत डोकं टेकवत होत्या. मी रचलेलं बघायला मी पहिल्यांदाच जवळून आले होते, आणि माझ्याच्यानं मान वर करवेना.

“सगळंच खोटं?” वन्संनी माझ्याकडं न बघता विचारलं.

“हो.”

“फळ बी सीताफळ न्हाई?”

“नाही. म्हाळुंग आहे.”

याचं त्यांना सगळ्यात जास्त लागलेलं दिसलं. वन्सं त्या हळदीच्या गोळ्याकडं बघत राहिल्या.

“अठ्ठेचाळीस वर्षं गं,” त्या म्हणाल्या. इतकी वर्षं त्या मला ‘वैनी, तुम्ही’ म्हणत आल्या होत्या. हे ‘गं’ नवं होतं. “आमच्या घरी टोपल्यांनी यायची. पोरं खायची, नातवंडं खायची, मी बिया काढून द्यायची त्यांना. वास यायचा बोटांना, तर हात धुऊन टाकायची.”

मी पदरानं माझीच बोटं पुसली.

“माझं सासरी काय चाललंय ते माहीत होतं तुला.”

“माहीत होतं.”

“तरी.”

“तरी.”

तेलुगू बाया आम्हाला वाट देऊन बाजूला झाल्या. त्यांना वाटलं आम्हाला दर्शन घ्यायचंय.

“मग माझं पोर कसं झालं?” वन्संनी विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं.

“तुमचे मालक तेव्हा कुठं होते वन्सं?”

“इस्लापूरला. जंगलखात्यात.”

“घरी कधी यायचे?”

“महिन्या-दीड महिन्याला. आले की झोपायचे. लई लांब पडायचं.”

“आणि पोराच्या आदल्या साली?”

वन्संनी आठवलं. आठवताना त्यांचे ओठ हलले. “बदली झाली की. देगलूरला.”

“मग.”

खाली बोटवाल्यानं भोंगा वाजवला.

“म्हणजे,” वन्सं म्हणाल्या, “नवस त्या बदली करणाऱ्या साहेबाला बोलायला पायजे होता म्हण की.”

मला हसू आलं. ते चुकलं.

“हसू नको. अजून मी तुला सोडलं न्हाई.”

मी ढिगातलं एक चांगलं मऊ फळ उचललं आणि त्यांच्यापुढं धरलं. “घ्या. आत्ता खा. माझ्यासमोर खा.”

“ठेव ते. देवीचं हाय.”

“देवी नाही म्हणाले ना मी.”

“तू म्हणलीस म्हणून होती, तू म्हणलीस म्हणून न्हाई,” वन्सं म्हणाल्या. “तू कोण लागून गेलीस? इतक्या बायांनी रडत हात लावले हिला. आता हाय ती. अन् सीताफळ मी सोडलं ते माझ्या तोंडानं. तू नुसती बडबडलीस.”

मी फळ गपचूप जागेवर ठेवलं.

मग त्यांनी जाकिटाच्या आतून, पोलक्यातून, फोन काढला. बटणावर बोट ठेवायला त्यांना वेळ लागतो. मी मदतीला हात पुढं केला तर तो त्यांनी बाजूला सारला.

“हॅलो. ऐक. सोमवारचं तसंच राहू दे... दवाखान्याचं गं... हाव. देवळाचं नको... कुणी सांगितलं म्हणजे? मामीनं सांगितलं. मामीला लई कळतंय... आवाज? बोट हाय. अन् त्याला बी घेऊन जा. नवऱ्याला. एकट्या बाईला तपासून काय हुतंय... सुट्टी न्हाई? बरं.”

फोन परत पोलक्यात गेला.

“सोमवारी त्याला सुट्टी न्हाई म्हणती. पुढच्या बारीला जाईल तो, मी बघते कसा जात न्हाई ते. सोमवारी तू जायची. अन् त्याच्यापुढं बी दर तारखेला तू जायची तिच्यासंगं. तिथं बाकड्यावर बसायचं, तिची पिशवी धरायची. अन् तोंड उघडायचं न्हाई. कुणाला काही सांगायचं न्हाई.”

“बरं.”

“पाणी लागलं तर माग. तेवढंच.”

परतीचा सगळा प्रवास आम्ही दोघी खरोखरच्या मौनात केला. ते नवं जोडपं एकमेकांच्या खांद्यावर झोपलं होतं, मास्तर घोरत होते. उतरायच्या आधी ताईनं ‘अनुभव सांगा’ म्हणून माइक फिरवला. कुणी म्हणालं शांती मिळाली, कुणी म्हणालं प्रकाश दिसला. माइक वन्संकडं आला.

“मला लई बरं वाटलं,” वन्सं म्हणाल्या. “माझी वैनी गप बसली.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सोमवारी मी सुनेबरोबर दवाखान्यात गेले. लांबलचक बाकडं, त्यावर दहा-बारा बाया, प्रत्येकीच्या मांडीवर कागदांची पिशवी. सून आत गेली. मी तिची पिशवी धरून, ओठ मिटून बसले. पंधरा मिनिटं जमलं. मग शेजारची एक पोर, लोह्याकडचीच असावी बोलण्यावरून, माझ्याकडं झुकली.

“आजी, गंगेवर एक सीताफळाची बाई हाय म्हणतेत. पाच सोमवार जायचं. खरं असतंय का हो ते?”

मी पाणी मागितलं. तिनं आणून दिलं. मी प्यायले. ती तशीच बघत बसली होती, डोळे असे की मला तो हौद आठवला.

“जायचं तर जा,” मी म्हणाले. “पण सोमवारी नको. सोमवारी डॉक्टरीण असते. आणि ते अनवाणी वगैरे काही नसतंय, चप्पल घालून जा.”

सुनेनं दारातून हे ऐकलं. घरी गेल्यावर, डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगायच्याही आधी तिनं हसत हसत हेच वन्संना सांगितलं. वन्संनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “पुढची तारीख कधीची हाय?”

“दोन आठवड्यांनी.”

“मी बी येते,” वन्सं म्हणाल्या. “हिचा भरवसा न्हाई.”